आधी हालचाल ओळखा, मग नाव

असोद्याहून दुचाकीवर जळगावला निघालात की कडेची झाडे झपाट्याने मागे जातात, दूरची केळीची बाग सावकाश सरकते. तेवढ्यात शेतातून कपाशीने लादलेली बैलगाडी रस्त्यावर येते. सारेच दृश्य सरकत असते. तरी खरोखर हलते ती गाडी, हे आपल्याला लगेच कळते. चालत्या वाहनावरच्या कॅमेऱ्याला मात्र ते शिकवावे लागते.

त्यासाठी अंतर मोजणारा कॅमेरा किंवा लेसरवर चालणारे लायडार उपयोगी पडते. प्रत्येक बिंदू किती दूर आहे हे ठाऊक असले, की झाडे, घरे, रस्ता यांच्या सरकण्यावरून वाहन स्वतः किती पुढे गेले, किती वळले याचा हिशेब लागतो. मग स्थिर वस्तू पुढच्या क्षणी कुठे दिसेल, हे आधीच सांगता येते. जे बिंदू तिथे सापडत नाहीत, ते स्वतः हलणारे. एकसारखे हलणारे शेजारचे बिंदू एकत्र केले की वस्तू वेगळी होते. तिचे नाव माहीत नसले तरी.

ही पद्धतही फसते. भुसावळ स्टेशनात शेजारची गाडी सुटली, की आपलीच सुटल्यासारखे वाटते ना? मोठ्या ट्रकने समोरचे दृश्य व्यापले, की कॅमेऱ्याचेही तसेच होते. म्हणून चाकांच्या फेऱ्यांची नोंद सोबत लागते.

तरीही नावावर विसंबण्यापेक्षा हे बरे. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतील स्वयंचलित मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. सरकारी तपासात दिसले, की यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' ठरवत राहिली. आणि नाव बदलले की आधीच्या हालचालीची नोंद विचारात घेतली जात नव्हती.

हैदराबादच्या 'ट्रिपल आयटी'ने भारतीय रस्त्यांची सुमारे दहा हजार चित्रे ३४ प्रकारांत वर्गवारी करून खुली केली. काम मोलाचेच. पण कडब्याखाली झाकलेली बैलगाडी कोणत्या प्रकारात बसवणार? म्हणून आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारींची परीक्षा आपल्याकडे अशा अनोळखी, हलत्या वस्तूंवर, तीही तिन्हीसांजेला, व्हायला हवी. समोर काय आहे हे नंतर कळले तरी चालेल. ते आडवे येत आहे, हे वेळेत कळलेच पाहिजे.