घसरण मे महिन्यातली, कारणे ऑगस्टमधली

ब्लॅकबर्न रोव्हर्सचा २०१६-१७चा हंगाम १२ विजय, १५ बरोबरी आणि १९ पराभवांवर संपला. ५१ गुण मिळवून हा क्लब चोवीस संघांत बाविसावा आला. इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, प्रत्येक संघ ४६ सामने खेळतो. पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जातात, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ तेव्हा उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफ खेळत आणि तळाचे तीन संघ तिसऱ्या श्रेणीत, लीग वनमध्ये, घसरतात. एकविसाव्या क्रमांकावर वाचलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही गुण ५१च होते. निर्णय गोलफरकावर झाला: फॉरेस्टचा उणे १० आणि ब्लॅकबर्नचा उणे १२. प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवल्यानंतर तिसऱ्या श्रेणीत उतरलेला ब्लॅकबर्न हा पहिला क्लब ठरला.

या घसरणीचे मोल कळण्यासाठी क्लबचा वारसा माहीत हवा. लँकेशायर परगण्यातल्या ब्लॅकबर्न या गिरणगावात १८७५ साली क्लब स्थापन झाला. १८८८मध्ये ज्या बारा क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली, त्यांत तो होता. १८९० पासून ईवूड पार्क हे त्याचे घरचे मैदान आहे. जॅक वॉकर या स्थानिक पोलाद उद्योजकाने १९९०च्या दशकात क्लबमध्ये मोठी गुंतवणूक केली आणि केनी डॅलग्लिश यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९९४-९५चे प्रीमियर लीग जिंकले. तेव्हा निर्णय हंगामाच्या शेवटच्या दिवशी लागला होता. ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून हरले, पण मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी बरोबरी झाली आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने चषक ईवूड पार्कवर आला.

वॉकर यांचे २००० साली निधन झाले. क्लब त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाकडे गेला आणि नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने तो सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. कुक्कुटपालनात देशभर नाव असलेल्या महाराष्ट्रातल्या उद्योगाने इंग्लंडमधला क्लब घेतला, याचे इथे कौतुक झाले. पण महिन्याभरात अनुभवी मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढण्यात आले आणि मे २०१२मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला. २०१२-१३च्या हंगामात मॅनेजर स्टीव्ह कीन यांनी राजीनामा दिला. त्यानंतर हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. पुढे गॅरी बॉयर यांनी संघाला आठवे आणि नववे स्थान मिळवून दिले, पण नोव्हेंबर २०१५मध्ये त्यांनाही जावे लागले. त्यांच्या जागी आलेले पॉल लॅम्बर्ट हंगाम संपताच निघून गेले.

२०१६च्या उन्हाळ्यात क्लबची आर्थिक घडीही बदलत होती. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला वाटा काही वर्षे मिळत राहतो. त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. ब्लॅकबर्नचा हा आधार चार हंगामांनंतर संपला. सर्वाधिक गोल करणारा जॉर्डन ऱ्होड्स फेब्रुवारीतच मिडल्सबरोला विकला गेला होता. आता बचावाच्या मध्यभागी खेळणारे दोघेही गेले: ग्रँट हॅन्ली न्यूकॅसलला आणि शेन डफी ब्रायटनला. ज्या संघाकडे भरपूर गोल करणारा खेळाडू उरला नव्हता, त्याचा बचावही त्याच वर्षात मोडला गेला.

मॅनेजर म्हणून ओवेन कॉइल यांची निवड झाली. ते पूर्वी बर्नलीचे मॅनेजर होते. बर्नली हे सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरवरचे शेजारी गाव आणि ब्लॅकबर्नचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी. त्याच उन्हाळ्यात बर्नलीचा संघ चॅम्पियनशिप जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेला होता. त्यामुळे पाठीराख्यांच्या दृष्टीने ही नेमणूक पहिल्या दिवसापासून जखमेवर मीठ होती. ६ ऑगस्टला ईवूड पार्कवर नॉर्विचने ४-१ असे हरवले. लीगमधल्या पुढच्या सामन्यात नुकतीच बढती मिळालेल्या विगनने ३-० असे हरवले. दोन सामन्यांत गोलफरक उणे सहा झाला. हंगामाच्या सुरुवातीला कुणी गोलफरकाकडे पाहत नाही, पण हे सहा गोल मे महिन्यापर्यंत खात्यावर राहिले.

शरद ऋतूत नाराजी उघड झाली. सामन्याला अठराव्या मिनिटाला आत यायचे आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला बाहेर पडायचे, असे आंदोलन पाठीराख्यांनी केले; स्थापनेचे साल १८७५ हा त्यामागचा संकेत होता. ३१ हजारांहून अधिक क्षमतेच्या मैदानात निम्म्याहून जास्त खुर्च्या एरवीही रिकाम्या असत. मालक पुण्यात, मैदान लँकेशायरमध्ये आणि मध्ये क्लबच्या वतीने लोकांशी बोलणारे कुणी नाही, ही पाठीराख्यांची मुख्य तक्रार होती. फेब्रुवारीत एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडकडून १-२ अशी निसटती हार झाली आणि दोन दिवसांनी कॉइल यांना निरोप मिळाला. लीगमधल्या ३१ सामन्यांत त्यांच्या संघाने २९ गुण मिळवले होते आणि तो तेविसाव्या स्थानावर होता.

त्यांच्या जागी आलेल्या टोनी मोब्रे यांनी त्याच खेळाडूंसह उरलेल्या १५ सामन्यांत २२ गुण मिळवले. पाच विजय, सात बरोबरी आणि फक्त तीन पराभव. या गतीने पूर्ण हंगाम खेळला असता, तर संघ ६७ गुणांवर, तालिकेच्या वरच्या अर्ध्यात दिसला असता. मोब्रे काही आठवडे आधी आले असते, तरी पुरले असते.

७ मे २०१७ रोजी शेवटच्या फेरीला उतरताना फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न यांचे प्रत्येकी ४८ गुण होते. गोलफरक अनुक्रमे उणे १३ आणि उणे १४. बर्मिंगहॅम सिटी ५० गुणांवर होते. ब्लॅकबर्नने लंडनमध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले आणि सामना ३-१ असा जिंकला. त्या दिवशी जे आपल्या हातात होते, ते त्यांनी केले. पण फॉरेस्टने इप्सविचला ३-० असे हरवले आणि बर्मिंगहॅमने ब्रिस्टल सिटीवर १-० असा विजय मिळवला. प्रवास करून गेलेल्या पाठीराख्यांनी विजय पाहिला आणि त्याच क्षणी संघ घसरल्याचेही पाहिले. रॉदरहॅम आणि विगन यांच्यासोबत ब्लॅकबर्न लीग वनमध्ये गेले.

या निकालाला दुर्दैव म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पंधरा बरोबरींपैकी एकीचे रूपांतर विजयात झाले असते, तरी संघ वाचला असता. ऑगस्टमधले दोन पराभव एक-एक गोलाचे असते, तर गोलफरकच उणे आठ राहिला असता. ४६ सामन्यांच्या लीगमध्ये नशीब एका दिवसापुरते असते. अखेरचा क्रमांक सबंध वर्षाच्या निर्णयांचा असतो. मालकांनी पैसा दिला नाही, हा आरोपही टिकत नाही. दरवर्षीचा तोटा पुण्यातूनच भरला जात होता, आणि तो भरला नसता तर क्लबचे अस्तित्वच धोक्यात आले असते. उणीव होती ती फुटबॉल जाणणाऱ्या, गावात राहणाऱ्या आणि निर्णय घेण्याची मुभा असलेल्या माणसांची. अशी माणसे नसल्यामुळे चुकीची नेमणूक झाली आणि ती सुधारायला फेब्रुवारी उजाडला.

पुढच्या घटनांनी हेच दाखवले. मालक तेच राहिले, पण या वेळी घसरणीनंतर मॅनेजर बदलला नाही. मोब्रे यांना संघ बांधू दिला गेला. २०१७-१८मध्ये ब्लॅकबर्नने ९६ गुण मिळवून लीग वनमध्ये दुसरे स्थान पटकावले आणि एकाच वर्षात चॅम्पियनशिपमध्ये परतले. मोब्रे २०२२ पर्यंत मॅनेजर होते आणि त्या काळात संघ पुन्हा घसरला नाही. दूर राहून क्लब चालवता येतो, पण त्यासाठी जाणत्या माणसाला निवडून त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. वेंकीजने हे करायला सात वर्षे लावली आणि त्याची किंमत ब्लॅकबर्नच्या लोकांनी मोजली.