औटकी कोणी बुडवली?

दिवाळीचा पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त, असे आपल्याकडे बहुतेक घरांतून मानतात. देवीची पीठे आपण साडेतीन मोजतो, पेशवाईतले शहाणे साडेतीन मोजतो, आणि माणसाचा देहही ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात भरतो. ज्या समाजाने अर्ध्याला असा पुऱ्यांच्या पंगतीत पाट मांडून दिला, त्या समाजाच्या सातवीतल्या मुलाला ‘पावणेतीन म्हणजे किती रे?’ असे विचारावे, तर तो मास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहतो. एवढेच असते तर मी लेखणी उचलली नसती. एखादा शब्द गेला, दुसरा आला. भाषेचे असेच चालते.

परंतु त्याच मुलाने फळ्यावर काय लिहिले ते ऐका. एक छेद दोन अधिक एक छेद चार, बरोबर दोन छेद सहा. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, आणि खडू ठेवून तो जागेवर जाऊन बसला. दोन छेद सहा म्हणजे तिसरा हिस्सा. अर्ध्यात काही घातले आणि ते अर्ध्याहूनही कमी झाले! ह्या चमत्काराचे त्याला काहीच वाटले नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांनाही वाटले नाही. अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतो, हे त्याच्या निरक्षर पणजीला चुलीपुढे बसून ठाऊक होते. तिला छेद ठाऊक नव्हता, पण पाव ठाऊक होता. ह्याला छेद ठाऊक आहे. पाव मात्र फक्त भाजीबरोबर खाण्याचा.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. ही अपूर्णांकांची पाढ्यांची फळी एके काळी मराठी शाळेत तोंडपाठ होत असे. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतातल्या अर्धचतुर्थाचा झिजत झिजत झालेला हा शब्द: तीन पुरे, चौथा अर्धा. दीड हा द्व्यर्धाचा, अडीच हा अर्धतृतीयाचा वंशज. औटकीत दोनाचे सात, तिनाचे साडेदहा, चोहोंचे चौदा. चोवीस रुपये भावाचे साडेतीन किलो कांदे घेतले, तर चौऱ्यांशी रुपये हे उत्तर विक्रेत्याच्या ओठांवर आधीच तयार असे. आणि गिऱ्हाइकाच्याही, हे अधिक महत्त्वाचे.

ही फळी मोडली कोणी? शहाणे लोक ताबडतोब मेट्रिक पद्धतीकडे बोट दाखवतात. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ च्या १ एप्रिलला नवा पैसा आला, १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात शिरला, आणि त्यांनी आपले सारे जुने बुडवले, असा तो विलाप. मला हा विलाप मान्य नाही. जुनी पायली गावोगावी निराळी असे, मण कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळांचा. धान्य घेताना एक पायली आणि देताना दुसरी, ही युक्ती सावकाराला ह्या गोंधळानेच शिकवली. तो गोंधळ गेला, बरे झाले. छडीच्या धाकाने घोकून घेतलेली औटकीही मला परत नको आहे. पण कायद्याने हद्दपार केला तो शेर. सव्वा, पाऊण, दीड ह्यांना कोणत्या कलमाने बंदी घातली? सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर जाऊन इतकी वर्षे झाली, तरी दुधवाल्याकडे ‘पावशेर’ मागणारे आजही आहेत, आणि त्यांना अडीचशे ग्रॅम बिनतक्रार मिळते. लोकांनी शब्द सोडला नव्हता. सोडला तो शाळांनी. दशांशचिन्ह आले म्हणून पाव-निमका शिकवायचे कारण उरले नाही, असे आम्हा मास्तर मंडळींनीच ठरवून टाकले.

आणि समाजाने तरी काय केले? २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असेही वाचावे असे छापून आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उठला! मराठी बुडाली, संस्कृती बुडाली. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा, हे सात वर्षांच्या पोराला अवघड जाते ही अडचण खरी होती. तिच्यावरचा तो उपाय पटो वा न पटो. पण ओरडणाऱ्यांतल्या कितीजणांची मुले घरी ‘ट्वेंटी वन’ म्हणत होती, हे त्यांनीच आपल्याशी मोजावे. पावकी-निमकी पाठ्यक्रमातून निघून गेली तेव्हा मात्र कोणाच्या डोळ्याला पाणी आले नाही.

‘मोबाइल आहे ना!’ हे तिसरे उत्तर. आहे. पण यंत्राला काय विचारायचे हे ज्याला कळत नाही आणि आलेले उत्तर वेडगळ आहे हेही ज्याला कळत नाही, त्याच्या हातात यंत्र काय करणार? तो दोन छेद सहाच पाहणार आणि पैसे देऊन मोकळा होणार.

माझे मागणे फार नाही. औटकी कोशात राहू द्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी ही पाचच, दहापर्यंत, तिसरीच्या वर्गात तोंडी. आणि घोकून नव्हे, मापे हातात देऊन. जुन्या मापांची मौज अशी की ती सारी दुपटीची: दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दहावा हिस्सा डोळ्यांनी काढता येत नाही. निम्मे कोणालाही करता येते.

गेल्या पावसाळ्यात मी घरातली मापे वर्गात नेली आणि मुलांना पाणी भरायला बसवले. तासभर वर्ग ओला झाला. एका मुलीने भरलेल्या मापट्यात आणखी चिपटेभर ओतायचे ठरवले, सांडले तेव्हा शेराकडे वळली, आणि पाऊण कुठवर येतो ते बोटाने दाखवून मोकळी झाली. संचातले कोळवे तेवढे हरवले होते. ते आणायला भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याने दोनदा नाव विचारून घेतले, आतल्या माणसाला हाक मारून तेही विचारले, आणि शेवटी मला म्हणाला, “मास्तर, त्यात काय शिजवतात?”