डोंगर, दर्या आणि दोघं

मे जवळ आला की लालबाग-परळच्या चाळींत प्रश्न एकच, 'गावाक कधी जातलास?' आमच्याकडे त्याआधीच महायुद्ध! बायकोला डोंगर हवा, मला समुद्र आणि दोघांची मिळून सुट्टी जुळते फक्त पाच दिवस. मनाली नको, अंदमान नको. डोंगर, दर्या आणि बेट, तिन्ही एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत की!

दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडायची. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गाडी रात्री बारानंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं! सावंतवाडीला उतरून थेट आंबोली, साधारण ३० किलोमीटर. मेमध्ये धबधबे कोरडे असतात, पण फोटोंसाठी कोण चाललंय? दोन रात्री तिथे, मग मालवण.

बेट म्हणजे कुरटे. शिवरायांनी १६६४ मध्ये त्यावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारं पाणी, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी २६ मेपासून बंद होतात, म्हणून आधीच उरका. परतीची गाडी कुडाळहून.

आणि मुक्काम हॉटेलात. काकांच्या घरी अजिबात नाही! दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं राहतो आम्ही, भांडायलासुद्धा गच्ची गाठावी लागते. गावी गणपतीला जाऊच.

हे आईला कोणी सांगायचं, यावर सध्या गच्चीत चर्चा चालू आहे.