वर्गणीची यादी पुरणार नाही

पगार आता बँकेत जमा होतो. पगाराच्या दिवशी खिडकीपुढे रांग लागण्याचे दिवस संपले. पण वर्गणीची यादी अजून फिरते. कारखान्यात, यार्डात, सॉर्टिंग ऑफिसात कोणाच्या तरी हातात दुमडलेला कागद असतो. वर एका सहकाऱ्याचे नाव, त्याखाली आजाराचे नाव, आणि मग पन्नास, शंभर, दोनशे असे आकडे. नाही कोणी म्हणत नाही. या यादीमागच्या भावनेबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेचा किंवा कर्करोगाच्या उपचाराचा खर्च अशा यादीने भागत नाही. ती फिरू लागते तोवर कर्ज काढून झालेले असते, घरातले दागिने गहाण पडलेले असतात. आणि बिल भरून झाल्यावर कोणीतरी सांगतो, ‘अहो, याला तर योजना होती!’

या यादीवर नाव कोणाचे असते, याचाही विचार झाला पाहिजे. कायम रेल्वे कामगाराला रेल्वेचे रुग्णालय आहे, कार्ड आहे. कायम टपाल कर्मचाऱ्याला केंद्र सरकारची आरोग्य योजना किंवा वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती आहे. त्यात औषधांचा तुटवडा, अडकलेली बिले अशी गाऱ्हाणी पुष्कळ आहेत आणि त्यांसाठी आपण भांडत आलो आहोत. पण भांडायला निदान नियम तरी आहे. यादीवर वरचेवर येणारी नावे ज्यांच्यासाठी नियमच नाही, किंवा असून हाती लागत नाही, त्यांची असतात.

पहिले नाव ग्रामीण डाक सेवकाचे. 1 जुलै 2018 पासून त्याचा भत्ता चार ते पाच तासांच्या कामासाठी 10,000 ते 14,500 रुपयांपासून सुरू होतो. त्यावर महागाई भत्ता. ऊन असो, पाऊस असो, टपाल पोचलेच पाहिजे. मात्र तो आजारी पडला की सरकार म्हणते, तू आमच्या नियमित सेवेबाहेरचा. म्हणून केंद्राची आरोग्य योजना नाही, प्रतिपूर्ती नाही. आणि कामगार विम्याचे छत्रही नाही. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने खात्याबाहेरील टपाल सेवकाचे पद हे नागरी पद असल्याचा निर्णय दिला. इतक्या वर्षांनंतरही त्या पदाला साधे दवाखान्याचे कार्ड मिळालेले नाही. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात आशा आणि अंगणवाडी सेविकांना आयुष्मान योजनेत घेण्याची घोषणा झाली. ती योग्यच होती. मग डाक सेवकाला का नाही?

दुसरे नाव रेल्वेतील कंत्राटी कामगाराचे. डबे धुणारा, फलाट झाडणारा, वातानुकूलित डब्यात चादरी वाटणारा. त्याच्यासाठी ईएसआयची योजना आहे. 2017 मध्ये तिची वेतनमर्यादा 21,000 रुपये झाली. जुलै 2019 पासून मालकाचा हिस्सा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. विम्याच्या नोकरीत आल्याच्या दिवसापासून त्याला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात; वर्गणीचे दिवस भरलेले असल्यास आजारपणात वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कमही मिळते. 1948 च्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी योजना चालूच आहे. पण पगारातून पैसे कापले जातात आणि कामगाराला स्वतःचा विमा क्रमांकच ठाऊक नसतो, असे घडते. कधी बायकामुलांची नावेच चढवलेली नसतात. कंत्राटदाराने वर्गणी बुडवली तर मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत, हे आपण त्याला सांगितले पाहिजे. तो आपल्या युनियनचा सभासद नसेल, पण आपल्याच गाडीचा डबा तो धुतो.

कायदा बदलेपर्यंत रोगी थांबत नाही. म्हणून आज काय हाती आहे, तेही नीट माहीत करून घ्यावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुली असून वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. पांढरे कार्ड आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही, ही समजूत आता सोडावी. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होताच प्रथम त्याला गाठावे. उपचारांना आधी मंजुरी लागते. रोख भरून झाल्यावर योजनेची आठवण काढणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांनी कुटुंबाचे नाव आयुष्मान भारत योजनेत आहे का, हे पाहून ठेवावे. ते कार्ड योजनेत सामील असलेल्या इतर राज्यांतही चालते. 70 वर्षे पूर्ण झालेल्या आईवडिलांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही. 14555 या क्रमांकावर चौकशी करता येते.

महाराष्ट्रात आणखी एक दार आहे. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली लागू केली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी 1,80,000 आणि दुर्बलांसाठी 3,60,000 रुपये आहे. एकट्याच्या मिळकतीवर घर चालवणारे पुष्कळ डाक सेवक यात बसतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणे हेही या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. तरीही काउंटरवर आधी अनामतच मागितली जाते, आणि घाबरलेला माणूस ती भरतो. त्या क्षणी त्याच्या शेजारी नियम सांगणारा कोणी उभा असेल तर चित्र बदलते. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावी.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने एका कार्यकर्त्यावर हे काम सोपवावे. सभासदांची, डाक सेवकांची आणि कंत्राटी कामगारांची शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि विमा क्रमांक आजारपण येण्याआधीच तपासून ठेवावेत. नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून कागद परत येतात, आणि ती दुरुस्ती अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून होत नाही. रुग्ण दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशी शाखेचा माणूस तेथे पोचला पाहिजे. आपल्या तिकीट खिडकीवरच्या बांधवांनीही लक्षात ठेवावे: उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगग्रस्ताला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाड्याची पूर्ण सूट आहे, सोबत्याला 75 टक्के. रुग्णालयाचा दाखला कोणत्या नमुन्यात हवा, हे त्याला आपण होऊन सांगितले तर त्याचा हेलपाटा वाचेल.

पण योजनांच्या या ठिगळांवर समाधान मानणारे आम्ही नव्हे. ग्रामीण डाक सेवकाला आणि त्याच्या कुटुंबाला केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत घ्या. कंत्राटी कामगाराचा विमा क्रमांक आणि भरलेली वर्गणी दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नका. या दोन मागण्या प्रत्येक शाखेच्या ठरावात आल्या पाहिजेत. बंधू-भगिनींनो, सहकाऱ्यासाठी खिशात हात घालणे ही आपली रीत आहे, ती राहू द्या. पण ज्याने आयुष्यभर लोकांची पत्रे आणि गाड्या वेळेवर पोचवल्या, त्याच्या औषधाला वर्गणीची वाट पाहावी लागू नये, यासाठी आता ठरावाचा कागद फिरवा.