औंधात राजाने विचारले, मुळशीत कोणी विचारले?

स्वराज्याचे माप दिल्लीत घेऊ नका, गावच्या चावडीत घ्या. आपल्याच महाराष्ट्रातली दोन उदाहरणे देतो, तुम्हीच तोलून पाहा.

पहिले तुमचेच. नीला-मुळेच्या संगमावर टाटांचे धरण आले. वीज हवी होती मुंबईला, बुडायचे होते मावळाने. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा पुढे केला. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्याला कोणी विचारलं का? छे! १६ एप्रिल १९२१ ला सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापटांसारखे पुढारी लाभले, माणसे तुरुंगात गेली, तीन वर्षे झुंज चालली. तरी धरण झालेच.

दुसरे औंधचे. सातारच्या बाजूचे ७२ गावांचे संस्थान, तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांचे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे. १९३८ साली त्यांनी आपण होऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडचे मॉरिस फ्रीडमन गांधीजींचा सल्ला घेऊन आले. जानेवारी १९३९ मध्ये स्वराज्याची घटना अमलात आली. गावाने पंच निवडायचे, पंचांवर तालुका, तालुक्यांवर विधिमंडळ. गावचा तंटा गावातच तुटू लागला. राजाने गादी सोडली नाही, पण सत्ता सोडली!

कोणी म्हणेल, एवढ्याशा संस्थानाचं काय कौतुक? वर इंग्रजांचे सार्वभौमत्व होतेच, मताला अक्षरओळखीची अटही होती. कबूल. पण जे दीडशे वर्षांच्या गोऱ्या राज्याला सुचले नाही, ते एका राजाला सुचले. अडाणी कुणब्याला कारभार झेपत नाही, ही सबब त्याने खोटी पाडली.

८ मार्च १९४८ ला औंध विलीन झाले. राजे गेले, गोरेही गेले. तो १८९४ चा कायदा मात्र २०१३ च्या नव्या कायद्यापर्यंत टिकला! आता खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या कामाला मात्र ती अट नाही.

म्हणून मागणी एकच. जमीन कोणासाठीही घ्या, आधी ग्रामसभेला विचारा. कागद मराठीत आणा, चावडीवर मोठ्याने वाचा, मग सही मागा. राजाला जे जमले, ते लोकांच्या राज्याला न जमायला काय झाले?