रद्दीच्या काट्यावर गेलेली कीर्द

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पेठ वडगावच्या बाजारपेठेतील एक जुना माडीचा वाडा उतरवण्यात आला. वाडा गुळाच्या आडत व्यापाऱ्याचा. त्या घराण्याची आडत बंद होऊन कित्येक वर्षे लोटली. वारस परगावी स्थायिक झाले आणि जागा दुकानगाळ्यांसाठी दिली गेली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पडक्या वाड्याची घरपट्टी भरत बसणे कोणाही मध्यमवर्गीय वारसाला परवडणारे नसते.

वाडा उतरवण्यापूर्वी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. कोरीव चौकट, समया, पितळी घंगाळ, लंबकाचे घड्याळ, पायली-अधोलीची मापे आणि माडीवरच्या बैठकीतील रविवर्मा छापखान्याच्या दोन तसबिरी त्याने रोख पैसे मोजून नेल्या. माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांना मात्र त्याने हात लावला नाही. पुढे त्याची गाठ पडली तेव्हा मी कारण विचारले. तो सरळपणे म्हणाला, "सर, कागदाला गिऱ्हाईक नाही." त्या वह्या रद्दीवाल्याकडे गेल्या. मला हे वर्तमान कॉलेजात दोन दिवसांनी कळले. मी रद्दीच्या दुकानी पोहोचलो तोवर एक रोजकीर्द आणि तिच्यात दुमडून ठेवलेले थोडे सुटे कागद एवढेच शिल्लक होते. वर्तमानपत्राच्या रद्दीच्या भावाने मी ते विकत घेतले.

कीर्द मोडीत आहे आणि अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवूनही मला मोडी वाचता येत नाही, हे येथेच कबूल केलेले बरे. गावातील एका वयोवृद्ध निवृत्त कारकुनांनी ओळीमागून ओळ वाचून दाखवली. वही शके १८२१ ची, म्हणजे इ. स. १८९९-१९०० ची निघाली. पश्चिम हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला ते हे वर्ष. वहीत गुळाचे रवे आहेत, तोलाई, हमाली व धर्मादाय आहे आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना दिलेली उचल त्यांच्या नावानिशी नोंदलेली आहे. ज्वारीची खरेदीही आहे. सुट्या कागदांत राणीच्या मुखवट्याचे पाव आण्याचे एक पोस्टकार्ड आणि रेल्वेने पाठविलेल्या मालाची पावती सापडली. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली, हे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो. त्या लोहमार्गाने आणि त्या पेठेने वडगावच्या एका आडत्याच्या धंद्याचे काय केले, हे मात्र अशा पावतीवाचून कळण्याचा मार्ग नाही.

पण खरी हळहळ पुढेच आहे. दुष्काळाच्या वर्षी ज्यांनी उचल घेतली, त्यांनी ती फेडली काय? की त्यांच्या जमिनी गहाण पडल्या? याचे उत्तर पुढील दोन-तीन वर्षांच्या खतावण्यांत असणार. त्या खतावण्या माझ्या आधी दोन दिवस काट्यावर चढल्या. आज या पंचक्रोशीत त्याच आडनावांची मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांचे कर्ज फिटले की नाही, हे आता त्यांना कोणीही सांगू शकणार नाही.

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची आवड अलीकडे पुष्कळच वाढली आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील वस्तूंना विशेष मागणी आहे. त्या दिसायला जुन्या असतात आणि घरात मांडता येतात. रविवर्मा छापखान्याच्याच चित्रांचे पाहा. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे मळवलीला गेला, १९०३ च्या सुमारास श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला. ज्या तसबिरी आमच्या लहानपणी काच फुटली की नदीत सोडल्या जात, त्याच आज दिवाणखान्याची शोभा ठरल्या आहेत. मागणी वाढली की नक्कल येणारच. चहाच्या पाण्यात भिजवून पिवळे केलेले कागद जुने म्हणून खपवले जातात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक प्रसिद्ध लेख लिहिला. विकणाऱ्याला मालाचे खरे स्वरूप ठाऊक आणि घेणाऱ्याला ते अज्ञात, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुराणवस्तूंच्या बाजाराइतके त्याचे चोख उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

तथापि नकलेपेक्षाही मोठे नुकसान अस्सल वस्तूचे होते. या व्यापारात वस्तू कोठून आली हे सांगण्याची रीत नाही. किंबहुना ते लपविण्याकडेच कल असतो, कारण त्याच गावात आणखी माल असतो! आता त्या वाड्यातील पायलीचाच विचार करा. दशमान वजनेमापे येण्यापूर्वी शेर आणि पायली ही मापे मुलखामुलखाप्रमाणे बदलत. पायली वडगावची आहे हे माहीत असेल तर ती आणि कीर्द शेजारी ठेवून त्या वर्षी शेतमजुराच्या घरात किती ज्वारी गेली याचा अंदाज बांधता येतो. तीच पायली शहरातील एखाद्या उपाहारगृहात कुंडी म्हणून मांडली गेली की ते नुसते पितळेचे भांडे उरते. आमच्या व्यापाऱ्याने नेलेली पायली आज कोठे आहे, हे मला ठाऊक नाही.

यावरून खाजगी संग्राहक हे समाजाचे शत्रू होत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, वाचक ज्यांना 'अज्ञातवासी' या नावाने कवी म्हणूनही ओळखतात, दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्र्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये सुमारे २० हजार वस्तूंचा तो ठेवा शासनाच्या स्वाधीन केला. सरकार जागे होण्याची वाट त्यांनी पाहिली असती तर त्यातील निम्म्या वस्तू मोडीत गेल्या असत्या. केळकरांनी वस्तू जमविल्या त्या स्वतःजवळून पुढे सोपविण्यासाठी. हा फरक महत्त्वाचा आहे.

कागदाच्या बाबतीत तर आपल्याकडे एक विलक्षण विसंगती दिसते. ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत, नेमक्या त्याच काळात मराठी माणसे जुन्या कागदांच्या शोधात वणवण हिंडत होती. राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. पारसनीस साताऱ्यास बसून कागद आणि चित्रे मिळवीत होते. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. या थोर मंडळींनी पेशवाईतले रुमाल वाण्यांच्या पुड्यांपासून वाचवले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. परंतु त्यांच्या स्वतःच्या काळातील पावत्या, जाहिराती, कापडाच्या गठ्ठ्यांवरील छाप, आगपेट्यांची चित्रे, पैसा फंडाच्या पावत्या, प्लेगाच्या वर्षांतील हुकूम यांना इतिहासाची साधने समजण्याची दृष्टी त्यांच्यानंतरच्या आपण दाखवावयास हवी होती. ती आपण दाखविली नाही. लढाई आणि तह यांच्या कागदाला आपण साधन म्हणतो, भुसार मालाच्या यादीला रद्दी.

इंग्लंडात जॉन जॉन्सन नावाचे गृहस्थ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होते. तरुणपणी त्यांनी इजिप्तमध्ये प्राचीन उकिरडे उकरून पपायरसचे तुकडे शोधले होते. हजारो वर्षांपूर्वीच्या केरातून एवढे ज्ञान मिळते, तर आजच्या केराची टोपली आपण का रिकामी करावी, असा विचार त्यांच्या मनात आला. तिकिटे, हस्तपत्रके, दुकानांची बिले त्यांनी जमविली आणि तो संग्रह १९६८ पासून तेथील बोडलियन ग्रंथालयात आहे. तेथे तो कोणाची हौस म्हणून नव्हे, अभ्याससाधन म्हणून वापरला जातो.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा शाहू महाराजांचा जाहीरनामा करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला म्हणून राहिला. त्या जाहीरनाम्यामुळे पहिल्यांदा नोकरीत शिरलेल्या कारकुनाचे नेमणूकपत्र, त्याच्या पहिल्या पगाराने घेतलेल्या कोटाची पावती, त्याच्या मुलाचा शाळेचा दाखला, या गोष्टी असल्याच तर कोणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. ट्रंकेला गिऱ्हाईक आहे. आतील कागद झटकून ती विकली जाते.

कायद्याचे म्हणाल, तर १९७२ चा पुराणवस्तू व कलासंपत्ती अधिनियम १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांच्या वस्तूस, आणि ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखितास वा दस्तऐवजास ७५ वर्षांतच, तो पुराणवस्तू मानतो. परवान्याविना त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. परंतु मालकाने आपल्याच घरातील वही रद्दीत घातली, तर त्याला अडविणारे त्यात फारसे काही नाही. आणि प्रत्येक माळ्यावर शिपाई बसविणे शक्यही नाही, इष्टही नाही.

सगळेच कागद ठेवावे काय? मुळीच नाही. जागेला भाडे आहे, वाळवीला भूक आहे. पण एका घराण्याच्या सलग वीस वर्षांच्या वह्या आणि त्यांसोबतची मापे एकत्र राहावीत, एवढा विवेक करता येण्यासारखा आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी नगर वाचनालय आहे, कॉलेज आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आहे. वाचनालयात एक लोखंडी कपाट आणि एक नोंदवही असावी. वस्तू कोणाच्या घरची, कोणत्या खोलीतून, केव्हा मिळाली, एवढे तीत लिहावे. मालकाला मूळ कागद द्यावयाचे नसतील तर विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईलवर त्यांची छायाचित्रे घेता येतात. मोडी वाचणारी शेवटची पिढी हयात आहे तोवर प्रत्येक कॉलेजातील पाच-दहा मुलांनी ती लिपी शिकली, तर त्यातील दोन तरी टिकतील. मी स्वतः या वयात बाराखडी गिरवू लागलो आहे. माझ्या 'र' ची विद्यार्थी चेष्टा करतात.

दिवाळीनंतर पेठेतील आणखी एक घर उतरणार असल्याचे ऐकले. यावेळी उशीर नको म्हणून गेल्या आठवड्यात मालकांकडे गेलो. चहा झाला. माळ्यावर काही जुन्या वह्या आहेत काय, असे विचारले. ते म्हणाले, "आहेत की सर, दोन पोती. पण त्यात तुम्हांला काय मिळणार? नुसता हिशेब आहे."

रविवारी शिडी घेऊन या, असे त्यांनी सांगितले आहे.