आप्पांची गच्ची

दिवाळी जवळ आली की गालातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सर्वांत आधी एसी बंद होतो. चकल्या त्यानंतर. उन्हाळाभर घरघरणारं यंत्र गप्प बसलं, खिडक्या उघडल्या, की पाहुणे येतात आणि त्यांतला एक तरी विचारतोच, "इथं एवढं ऊन, मग सोलर का नाही लावत?"

लावणार कुठे? आमच्या इमारतीची गच्ची पाण्याच्या टाक्यांनी आणि डिशांनी भरलेली, आणि मुळात ती मालकाची. ओमानमध्ये २०१७ पासून 'साहिम' योजना आहे. घराच्या छपरावर पॅनेल बसवा, वापरून उरलेली वीज ग्रिडला द्या. पण त्यासाठी छप्पर आपलं हवं. दर दोन वर्षांनी व्हिसाचं नूतनीकरण करणारा भाडेकरू वीस-पंचवीस वर्षं टिकणारं पॅनेल कुणाच्या छपरावर लावणार? इब्रीच्या वाळवंटात ५०० मेगावॉटचं सौर केंद्र आहे, त्यातलं थोडं ऊन आपल्या दिव्यात येत असेल, एवढंच समाधान.

म्हणून आमचं सोलर लागलं कराडला, आप्पांच्या गच्चीवर. निमित्त झालं मान्याचीवाडीचं. कोयनेच्या पाटण तालुक्यातली ही छोटी वाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. आप्पांनी पेपरमधलं कात्रण फोटो काढून पाठवलं. खाली लिहिलं होतं, "वाडीला जमलं, आपल्याला का नाही?"

पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. मात्र वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर लागते, आणि आमचं मीटर अजून आजोबांच्या नावावर! आजोबांना जाऊन अठरा वर्षं झाली. नाव बदलण्यातच दीड महिना गेला. तुमच्याही गावच्या घराचं बिल कुणाच्या नावाने येतं, ते या सुट्टीत बघून ठेवा. पुढचं काम मात्र दोन दिवसांत झालं. नेट मीटर बसलं. दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री लागेल ती आत येते, महिनाअखेर वजाबाकी. बिल स्थिर आकारापुरतं उरलं.

गालातल्या उन्हात हेच पॅनेल दुप्पट वीज देईल, असं आप्पांना वाटायचं. तसं नसतं. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, आणि आमच्याकडे जूनमध्ये पॅनेल साठ-पासष्टच्या पुढे तापेल. शिवाय धूळ.

आता माझी चूक सांगतो. घरात जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर होता. बॅटरीत पाणी घाला, दर तीन-चार वर्षांनी ती बदला, ही कटकट आप्पांची. मीच फोनवर म्हणालो, "आप्पा, आता सोलर आहे, तो इन्व्हर्टर देऊन टाका." त्यांनी तो भंगारात दिला.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, झाड पडून तार तुटली. आईला दमा आहे. रात्री धाप लागली आणि नेब्युलायझरला वीज नाही. रात्री सोलर चालत नाही हे आप्पांना ठाऊक होतं. त्यांनी आईला हाताला धरून चार घरं पलीकडे नेलं, तिथं इन्व्हर्टर होता. पण सकाळी लख्ख ऊन पडलं, गच्चीवर तीन किलोवॉट पॅनेल, आणि घरात पंखासुद्धा फिरेना. दुपारी चारपर्यंत.

हे मला दोन दिवसांनी कळलं, तेही आतेभावाकडून. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "तुला तिथं कशाला घोर लावायचा?"

बिघाड काहीच नव्हता. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर ग्रिड गेल्याबरोबर स्वतःही बंद होतं. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज तुटलेल्या तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणजे बिल वाचवायला सोलर आणि वीज गेल्यावर बॅटरी, ही दोन वेगळी कामं. दोन्ही एकत्र करणारा हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो, पण बॅटरीसकट खर्च बराच वाढतो. मी एवढं वाचायला हवं होतं. इंजिनियर आहे म्हणे मी!

जूनमध्ये सुट्टीवर गेलो आणि पहिल्याच दिवशी नवा इन्व्हर्टर-बॅटरी आणली. त्यावर दोन दिवे, एक पंखा आणि नेब्युलायझरचा प्लग. आईने स्वतः मेन स्विच पाडून मशीन चालतंय का बघितलं, दोनदा.

पॅनेलचं ॲप माझ्याही फोनवर आहे. गालात सकाळी साडेसातला ऑफिसला निघताना कराडात नऊ वाजलेले असतात, आलेख चढत असतो. आप्पांचं वय चौऱ्याहत्तर, त्यामुळे शिडी चढायची नाही, पॅनेल धुवायला माणूस लावायचा, असं ठरलंय. गेल्या मंगळवारी आकडा एकदम दीड युनिटने वाढला. लगेच फोन लावला.

"आप्पा, गच्चीवर चढला होता का?"

"कोण सांगतं?"

"पॅनेल सांगतंय."

थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "तुझ्या आईने शिडी धरली होती रे."